चव्वेचाळीस दाते

गुरुकुंज मोझरीच्या आमच्या जुन्या घरात माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. गेल्या उन्हाळ्यात ती उघडली, तेव्हा वडिलांच्या डायऱ्यांखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले सायकलचे एक चेनव्हील सापडले. मधल्या नक्षीत तीन बगळ्यांची डोकी. म्हणजे रॅली. एकेकाळी सायकलचे कूळ चेनव्हीलवरून ओळखले जाई: हंबरच्या चक्रात धावणारी माणसे, रजच्या चक्रात हाताचा पंजा, बीएसएच्या चक्रात ती तीन अक्षरे. रंग उडाला, नाव पुसले, तरी ही ओळख पुसली जात नसे. मी दाते मोजले. चव्वेचाळीस. बरेचसे एका बाजूने झिजून वाघनखांसारखे झाले होते.

त्याच आठवड्यात पुतण्याचा फोन आला. नोकरीनिमित्त काही वर्षे बेल्जियमला होता, परतताना एक वापरलेली सायक्लोक्रॉस सायकल घेऊन आला आणि ती माझ्या गळ्यात मारून पुण्याला गेला. "काका, तिची पुढची चाकं पार झिजलीत. नवी घ्या. किती दातांची घेणार, ते आधी ठरवा." इतिहास शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला असे प्रश्न कुणी विचारत नाही. पण दोन झिजलेली चक्रे समोरासमोर आल्यावर मला वाटले, हा प्रश्न खरे तर इतिहासाचाच आहे. वडिलांना तो कुणी विचारला नव्हता. चव्वेचाळीस हा आकडा त्यांच्यासाठी कुणी ठरवला?

सायकलचे गेअर आजही इंचांत मोजतात, ते एका मेलेल्या सायकलीमुळे. १८७०च्या दशकात पुढचे चाक प्रचंड आणि मागचे चिमुकले अशी उंच सायकल चालत असे. पॅडल थेट मोठ्या चाकाच्या आसाला जोडलेले. पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. वेग हवा तर चाक मोठे हवे, आणि चाकाची मर्यादा स्वाराच्या तंगडीएवढी. १८८० साली हान्स रेनोल्डने मँचेस्टरमध्ये रोलर चेनचे पेटंट घेतले, १८८५ साली जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर आली, आणि तंगडीची अट सुटली. आता पुढचे चक्र मोठे, मागचे लहान ठेवले की छोटे चाकही मोठ्यासारखे धावू लागले. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागायचे आणि चाकाच्या इंचांनी गुणायचे: येणारा आकडा म्हणजे ती सायकल किती इंची उंच सायकलीच्या तोडीची आहे, त्याचे माप. वडिलांची सायकल पुढे ४४, मागे १८, चाक २८ इंची. उत्तर अडुसष्ट. एवढ्या उंच चाकावर पाय पोहोचणारा माणूस आमच्या तालुक्यात तरी निपजलेला नाही.

अडुसष्ट इंच हा आकडा वाईट नाही. बांधलेला रस्ता, मागे थोडे सामान, अंगावर येणारा वारा नाही, अशा वेळी तो पायाला बरोबर बसतो. तो मुळात इंग्लंडमधल्या रस्त्यांवर बसला, तिथून जहाजाने इकडे आला. स्वातंत्र्यानंतर वरळीचा हिंद, आसनसोलचा सेन-रॅली, अंबत्तूरचा टीआय, सोनिपतचा ॲटलस, लुधियानाचा हीरो अशा कारखान्यांनी लाखो काळ्या सायकली काढल्या. देश बदलला, मालक बदलले; साचा जवळपास तोच राहिला. सायकल स्वदेशी झाली, तिचे दाते मात्र परदेशातल्या रस्त्यांचेच राहिले.

गेअर बदलण्याची कल्पना तेव्हा नव्हती असे नाही. फ्रान्समध्ये सेंट-एतिएनचा पॉल द विवी, म्हणजे सायकलवाल्यांचा व्हेलोसिओ, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच अनेक गेअरांचा पुरस्कार करत होता. पुढे टूर द फ्रान्स सुरू करणाऱ्या आंरी देग्रांजला मात्र हे पुरुषार्थाला कमीपणा आणणारे वाटे. गेअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी आहेत, असे त्याचे मत. (मी ती कधीच उलटली आहे, त्यामुळे माझी त्याच्याशी तक्रार नाही.) टूरमध्ये डिरेलरला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडले. आमच्याकडच्या काळ्या सायकलीपर्यंत ते पोहोचलेच नाही. परवडले नसते, आणि दुरुस्त कोण करणार?

वडील मास्तर होते. मोझरीतून निघायचे, नागपूर-अमरावती रस्त्याने थोडे जायचे आणि मग पांदणीने आत आडगावी शाळेत. पांदण म्हणजे शेतांमधून जाणारी वाट. बंडीच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पाडलेली, दोन्ही बाजूंना बाभळी-बोरींची झुडपे. वऱ्हाडची काळी माती कपाशीला आई आणि चाकाला वैरीण. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पाऊस पडला की तिच्यातली चिकणमाती फुगते आणि जे लागेल त्याला धरते. त्यांच्या डायऱ्यांत जुलै-ऑगस्टच्या पानांवर तीनच शब्द पुन्हा पुन्हा येतात: "पांदण. पायी. उशीर." एका ठिकाणी हजेरीपटावर पडलेल्या लाल शेऱ्याची नोंद आहे. खाली काही नाही, स्वतःची बाजूही नाही. सायकल असूनही पायी यावे लागले, याची त्यांना लाज वाटत असावी, असे मला त्या कोऱ्या जागेवरून वाटते.

म्हणून मी आधी असा निष्कर्ष काढून बसलो होतो की चव्वेचाळीस दात्यांनी वडिलांवर अन्याय केला; लहान चक्र मिळाले असते तर पांदण पार झाली असती. अमरावतीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने तो मोडला. नाव छापू नका, या बोलीवर त्यांनी सांगितले, "सर, पुढचं चाक कोन बदलवते? ते उजव्या क्रँकमधीच ठोकेल राहाते, कॉटर काढून अख्खी क्रँक बदलवा लागते. आमी मागचं फ्रीव्हील बदलवत होतो. अठराचं काढलं, विसाचं टाकलं." हिशेब केला: ६८ वरून जवळपास ६२. वाऱ्याविरुद्ध जाताना किंवा मागे ज्वारीचे पोते असताना एवढा फरक पुष्कळ. मग चिखलासाठी काय करायचे? ते हसले. "चिखलात दातं नाई कामाचे. मडगार्ड काढून ठेवाचं, अन् काडी ठेवाची संगं."

खरे होते. काळ्या मातीत सायकल अडते ती पाय थकतात म्हणून नव्हे. टायर आणि मडगार्ड यांच्यामधली बोटभर जागा भरते आणि चाकच फिरेनासे होते. पुढे किती दाते आहेत, हे तिथे कुणी विचारत नाही. सायकल उचलून खांद्यावर घ्यायची, एवढेच उरते.

आणि खांद्यावर घेणे हा ज्या खेळाचा नियमित भाग आहे, तो खेळ म्हणजे सायक्लोक्रॉस. रस्त्यावरच्या शर्यतींचे दिवस संपले की थंडीत शेते, कुरणे, ओढे ओलांडत धावायचे. जिथे चालवता येत नाही तिथे उतरायचे, सायकल खांद्यावर टाकून पळायचे, पुन्हा उडी मारून बसायचे. याचे श्रेय दान्येल गुसो या फ्रेंच शिपायाला देतात. १९०२ साली फ्रान्सची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. १९१० साली ऑक्ताव्ह लापीझने टूर जिंकली आणि हिवाळ्यातल्या या सरावाला यशाचे श्रेय दिले, तेव्हा खेळाला मान मिळाला. पहिली जागतिक स्पर्धा १९५० साली पॅरिसमध्ये झाली, ती जाँ रोबिकने जिंकली. वडिलांनी डायरीत लाजून तीन शब्द लिहिले त्याच्या काही वर्षे आधीच युरोपात त्याच कामासाठी पदक मिळत होते.

या सायकलींचे पुढचे दाते रस्त्यावरच्या सायकलींपेक्षा कमी असतात. रस्त्याच्या सायकलीवर बरीच वर्षे ५३ आणि ३९ची जोडी होती. सायक्लोक्रॉसला साधारण ४६ आणि ३६. नियमाने टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, म्हणून रुतणे ठरलेले आणि वेग मर्यादित. अलीकडे पुढे एकच चक्र ठेवतात. कारण चिखलातच आहे: दोन चक्रे, त्यांच्यामध्ये चेन हलवणारा पिंजरा, म्हणजे माती अडकायला आणखी एक घर.

माझी खरेदी मात्र सरळ झाली नाही. पहिल्यांदा मी ४२ दात्यांचे एक चक्र घरबसल्या मागवले. आले, चकचकीत, आणि बसेना. दाते पाहिले होते, भोके पाहिली नव्हती. क्रँकच्या पाच हातांवरच्या बोल्टांमधून वर्तुळ काढले तर त्याचा व्यास किती, हे आधी मोजायचे असते. दोन शेजारच्या बोल्टांच्या मध्यांतले अंतर ६४.७ मिलिमीटर असेल तर व्यास ११०, ७६.४ असेल तर १३०. माझी क्रँक ११०ची, चक्र आले होते १३०चे. यात तोटा पैशांपुरता नसतो. १३०च्या वर्तुळावर ३८पेक्षा लहान चक्र बसतच नाही, ११०वर ३४पर्यंत खाली जाता येते. म्हातारपणाची सोय त्या वर्तुळात असते. दुकानात जाताना मोजपट्टी घेऊन जा, एवढे माझ्या अनुभवावरून सांगतो.

मग आकडे. मागे माझ्याकडे ११ ते २८ दाते. टायरसकट चाक सुमारे २७ इंची. जुन्या जोडीत सर्वांत हलका गेअर ३६ला २८, म्हणजे पावणेपस्तीस इंच. एकेरी ४२ घेतले तर तो चाळीसच्या वर जातो. गुडघ्यांनी नकार दिला. एकेरी ३८ घेतले तर साडेछत्तीस. सर्वांत जड ९३. महामार्गावर उतारात पाय भिरभिरतील, पण तिथे मला कुणाशी शर्यत लावायची आहे? ३८ ठरले.

एकेरी चक्रावरून चेन उडू नये म्हणून दाते आळीपाळीने बारीक आणि जाड असतात. चेनच्या अरुंद आणि रुंद कड्यांत ते बरोबर बसतात. स्रॅमने २०१२ साली डोंगरी सायकलींसाठी ही रचना बाजारात आणली, आणि सायक्लोक्रॉसवाल्यांनी ती उचलली. बारीक-जाड असा क्रम असल्याने दाते सम संख्येतच येतात. ३९ मागायला जाऊ नये. शिवाय दोन चक्रांचे बोल्ट एका चक्राला लांब पडतात, आखूड घ्यावे लागतात. हे नागपूरच्या दुकानातल्या पोराने न विचारता सांगितले. शंभर किलोमीटर परत यायचे वाचले. अमित समर्थ यांनी २०१७ साली 'रेस ॲक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केल्यापासून नागपुरात अशी पोरे भेटतात.

बसवायला म्हाताऱ्या मिस्त्रींकडेच गेलो. चक्र हातात घेऊन त्यांनी दात्यांवरून अंगठा फिरवला. एक जाड, एक बारीक. "हे कोन्या डोकेवाल्याचं काम हाये," म्हणाले आणि पैसे घेतले नाहीत.

अमरावती ते अकोला पट्ट्यात २०२२च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत पडले, गिनीज बुकात नोंद झाली. पांदणींसाठीही २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेचा शासननिर्णय निघाला. वडिलांची पांदण मुरूम टाकून अर्धी पक्की झाली आहे. भाद्रपदात, रात्रभराच्या पावसानंतर, मी तिकडे गेलो. मुरमावर ३८ दाते सुरेख चालले. चढावर श्वास लागला, पण उतरावे लागले नाही. मुरूम संपला तिथून पन्नास पावलांवर मागचे चाक थांबले. मडगार्ड नव्हते, तरी फ्रेममध्ये माती भरली होती. उतरलो. सायकल खांद्यावर घेतली. वडिलांच्या सायकलीच्या निम्म्या वजनाची असेल. बांधावर बाभळीची एक काडी सापडली.