गिअर बदल, मोटार शर्यतींतील

वळणापूर्वी वरच्या गिअरातून खालच्या गिअरात येण्याची क्रिया. वळणातून बाहेर पडताना एंजिनाची पुरेशी शक्ती चाकांस मिळावी, हा तिचा आजचा मुख्य हेतू होय. पूर्वी वेग कमी करणे हाही तितकाच महत्त्वाचा हेतू होता.

या क्रियेत एंजिनाच्या व चाकांच्या वेगांचा मेळ साधावा लागतो. उदा., तिसऱ्या गिअराचे गुणोत्तर १.५ व दुसऱ्याचे २ असल्यास, मिनिटास ४,५०० फेरे घेणाऱ्या एंजिनास गाडीच्या त्याच वेगाला दुसऱ्या गिअरात ६,००० फेरे घ्यावे लागतात. हा मेळ आधी न साधता क्लच सोडल्यास एंजिनाचा रोध एकदम चाकांवर येतो; मागील चाकांना गती देणारी गाडी अशा वेळी वळणाच्या तोंडाशीच घसरू शकते. वेग पुरेसा उतरण्यापूर्वी गिअर बदलल्यास एंजिन मर्यादेपलीकडे फिरून त्याच्या झडपा व दट्टे निकामी होण्याचा धोका असतो.

सरकत्या दंतचक्रांच्या जुन्या गिअरपेटीत यासाठी क्लच दोनदा दाबावा लागे. मधल्या क्षणी गिअर मोकळा ठेवून एंजिनाचे फेरे वाढवीत. १९२८ मध्ये कॅडिलॅक कंपनीने सिंक्रोमेश ही समवेगी योजना आणल्यावर ही कसरत सुकर झाली. शर्यतीत मात्र ब्रेक दाबलेला असतानाच उजव्या पावलाच्या कडेने वा टाचेने वेगवर्धक दाबण्याची पद्धत रूढ झाली. १९५३ च्या ल मां शर्यतीत जॅग्वारच्या डिस्क-ब्रेक असलेल्या गाडीने विजय मिळविला. असे ब्रेक सार्वत्रिक झाल्यावर वेग उतरविण्याचे काम मुख्यतः ब्रेककडे गेले.

भारतात हा बदल उशिरा झाला. मुंबईतील कुर्ला येथील प्रीमिअर कारखान्यात तयार होणाऱ्या पद्मिनी गाडीच्या चारही चाकांना ड्रम-ब्रेक होते आणि पहिल्या गिअरास सिंक्रोमेश नव्हते. बोरघाट उतरताना सतत दाबलेले असे ब्रेक तापून दुबळे पडत; म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर घेणे हिताचे ठरे. मद्रासजवळील शोलावरम धावपट्टीवरील शर्यतींत याच गाडीच्या सुधारित आवृत्त्या धावत.

१९८९ मध्ये ब्राझीलच्या शर्यतीत नायजेल मॅन्सेल याने सुकाणूवरील पट्टीने गिअर बदलणारी फेरारी गाडी विजयी केली. तेव्हापासून क्लच व फेऱ्यांचा मेळ हळूहळू यंत्रणेकडे गेला. कोल्हापूरच्या मोहिते रेसिंगसारख्या मार्गांवर धावणाऱ्या अनेक कार्ट गाड्यांना तर गिअरच नसतात. तेथे नवशिका चालक प्रथम ब्रेक लावण्याचे स्थान व वळणाची रेषा शिकतो. गिअरांच्या गाडीत आल्यावर कोणत्या वळणास कोणता गिअर घ्यावा व तो केव्हा घ्यावा, हा निर्णय त्यालाच करावा लागतो.