फौजेतून दिंडीत

आळंदीला महाद्वारातल्या हैबतबाबांच्या पायरीवर आपण सगळेच डोकं टेकवतो. पण बाबा मूळचे फौजी, हे नव्या पोरांना सांगावं लागतं.

सातारा जिल्ह्यातलं आरफळ हे त्यांचं गाव. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी ते सरदार होते. गावाकडे परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना कोंडून ठेवलं. सुटका झाली ती माउलींच्या कृपेनेच, असं मानून ते आळंदीलाच राहिले, अशी परंपरा आहे. पुढे इ.स. १८३२ च्या सुमारास अंकलीच्या शितोळे सरकारांच्या साह्याने त्यांनी सोहळ्याला आजचं रूप दिलं. रथापुढच्या-रथामागच्या दिंड्यांचा क्रम, कर्ण्याच्या इशाऱ्यावर निघणं, समाजआरतीला चोपदारांचा दंड वर जाताच सारा मेळा चिडीचूप होणं, या सगळ्यात फौजेची शिस्त दिसते.

आपल्या गावातूनही पिढ्यान्‌पिढ्या पोरं पलटणीत जातात. जवान पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून चाळिशीच्या आतच पेन्शनीत येतो. तिथे पहाटे पीटी, संध्याकाळी मैदान. घरी आला की हे सगळं एका दिवसात थांबतं. भूक मात्र लंगरातलीच राहते. मग वजन, साखर, बीपी एकामागून एक दारात येतात.

आमच्याकडून एक चूक झाली, ती या अंकात लिहून ठेवतो. गावात आलेल्या एका जवानाचा आम्ही हार घालून सत्कार केला, दर झेंडावंदनाला त्याला पुढच्या खुर्चीवर बसवलं. पण ‘चल वारीला’ असं कुणी म्हटलं नाही. पन्नाशी गाठायच्या आत हृदयविकाराने तो गेला. त्यानंतर ठरलं : फौजी घरी आला की विणेकरी बुवांनी त्याच्या घरी जायचं.

पहिले आले ते एक हवालदार. पुणे ते सासवड हा मोठा टप्पा ते कवायतीच्या चालीने तोडायला गेले. दिवेघाट चढेपर्यंत पायाला फोड आले. डोक्यावर तुळस घेतलेली म्हातारी मावशी त्यांच्या पुढे निघून गेली. मुक्कामाला ती म्हणाली, “आरं बाबा, हितं कुणाला हरवायचं न्हाई. टाळाच्या ठेक्यावर चाल.”

ते पुढे पंढरपूरपर्यंत चालले. पण त्यांना कळलं ते असं : वारीचे दिवस वर्षाला पुरत नाहीत. आता ते रोज पहाटे काकड्याला चालत जातात, येताना शिवाराला फेरी मारतात. निदान अर्धा तास पाय हललेच पाहिजेत. वारीआधी दोन महिने अंतर थोडं थोडं वाढवायचं. साखर असेल त्याने रोज रात्री तळपाय बघायचे, अनवाणी चालायचं नाही, खिशात खडीसाखर ठेवायची आणि एकादशीला गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचारायचं. माजी सैनिकांसाठी २००३ पासून सरकारची आरोग्य योजना आहे. तिचं कार्ड ट्रंकेत न ठेवता वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी.

एका फौजीने वारीला शिस्त दिली. ते ऋण फेडायची संधी आपल्या दारात आहे. यंदा तुमच्या आळीत कुणी पलटणीतून घरी आला असेल तर हार जरूर घाला. पण माउली, दुसऱ्या हातात त्याच्यासाठी टाळ घेऊन जा.