खेळणाऱ्यासाठी थांबणारी चाल

भाद्रपद पौर्णिमेला अकोला-अमरावतीकडच्या घरांत भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोबा, आणि कोजागिरीला त्यांच्यासाठी ज्वारीच्या पाच धांड्यांचे मखर. महिनाभर संध्याकाळ झाली की मुली टिपऱ्या घेऊन घरोघर जातात, गाणी म्हणतात. शेवटी खिरापत, पण ती लगेच हातावर पडत नाही. घरातली बाई झाकण घट्ट लावलेला डबा आणून मुलींसमोर हलवते. खुळखुळ वाजले तर फुटाणे असतील, जड धपधप झाली तर लाडू, काहीच वाजले नाही तर शिरा. गोड की तिखट, एवढे विचारता येते. बाकी सारे कानांवर सोपवायचे.

दोन-चार जणांच्या गटात व्हिडिओ गेम करणाऱ्यांपैकी ज्याच्या वाट्याला संगीत येते, त्याने सुचण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा या डब्याकडे नीट लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते. सिनेमाच्या गाण्याची लांबी आधी ठरलेली असते. गेममध्ये मात्र खेळणारा एखाद्या बंद दारापाशी दहा सेकंद थांबेल, नाहीतर अर्धा तास अडकून पडेल. तेवढा वेळ चालीला त्याच्यासाठी थांबता आले पाहिजे, कंटाळा न आणता. आणि तो हलला की त्याच्याबरोबर हलताही आले पाहिजे. अशी चाल संगणकाच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिचा माग वऱ्हाडात ठिकठिकाणी लागतो.

पहिला माग भुलाबाईच्या गाण्यांतच आहे. यांतली कितीतरी गाणी साखळीची. एका ओळीचा शेवट पुढच्या ओळीचा आरंभ होतो, किंवा सासू, सासरे, दीर, जाऊ, नणंद असे एकेक नाते येत जाते आणि प्रत्येकासाठी तेच कडवे पुन्हा म्हटले जाते. घर मोठे असेल तर गाणे लांबते, उशीर झाला असेल तर आवरते घेतात. चाल चार-पाच सुरांत फिरणारी, सहा वर्षांच्या मुलीलाही झेपेल अशी. पुनरावृत्ती इथे उणीव ठरत नाही, कारण दर फेरीत काहीतरी एक बदलते: नाव बदलते, घर बदलते, टिपरीचा जोर बदलतो.

दुसरा माग मैदानावर. हुतूतूत चढाईला गेलेला गडी दम धरून एकच शब्द घोकत राहतो. तो आवाज म्हणजेच त्याचे घड्याळ. आवाज तुटला की गडी बाद. प्रतिपक्ष त्याच्या पायांकडे पाहतो तसा त्याच्या दमाकडेही कान देतो. आवाज पातळ झाला की साखळी आवळायची. वैद्य बंधूंनी 1914 साली अमरावतीत सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले. आता चढाईला तीस सेकंदांचे घड्याळ लागले, तरी दम घोकणे सुटलेले नाही. आवाज ही खेळाची सजावट नसून खेळाचा नियम असू शकतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मला माहीत नाही.

तिसरा माग खंजिरीचा. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला 1909 साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी हे हातात मावणारे वाद्य गावोगावच्या सभेत नेले. 1935 साली मोझरीला गुरुकुंज उभे राहिले, आणि गुरुदेव सेवा मंडळांच्या भजनांतून खंजिरी वऱ्हाडभर पसरली. लाकडी कडे, एका बाजूला चामडे, कड्यात बसवलेल्या धातूच्या चकत्या. भजनाची बांधणी ऐकण्यासारखी असते. आधी एकटा आवाज आणि खंजिरीचा संथ ठेका, मग पेटी, मग टाळ, मग सगळ्यांनी उचललेले ध्रुपद. लय चढत जाते, पण कुठे चढवायची आणि कुठे पुन्हा उतरवायची हे म्हणणारा समोरची माणसे पाहून ठरवतो. सभा रंगली तर ध्रुपद आणखी चार वेळा फिरते.

पडद्यावरच्या खेळांनी हेच सारे आपल्या वाटेने शोधले. जपानमधल्या तोमोहिरो निशिकादो यांच्या 1978 च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये चारच उतरते सूर पुन्हा पुन्हा वाजतात, शत्रू कमी होत जातात तशी त्यांची गती वाढते आणि खेळणाऱ्याची छाती धडधडू लागते. कोजी कोंदो यांनी 1985 साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ला चाली दिल्या तेव्हा यंत्रात आवाजाच्या पाचच वाटा होत्या. वेळ शंभरावर आली की तीच चाल तिथे घाईने धावते; हुतूतूतल्या दमाचेच हे काम. 1991 च्या ‘मंकी आयलंड 2’साठी मायकल लँड आणि पीटर मॅकॉनेल यांनी ‘आयम्यूज’ नावाची व्यवस्था वापरात आणली. त्यात वुडटिक नावाच्या वस्तीत नायक एका खोलीतून दुसरीत गेला की चाल तीच राहते, वाद्य मात्र बदलते, आणि सांधा कुठे जाणवत नाही. भुलाबाईच्या मुली या घरातून त्या घरात जातात तेव्हा गाण्याचे याहून वेगळे काय होते?

महाराष्ट्रातले जवळचे उदाहरण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचे. त्यांचा ‘राजी’ 2020 साली आला. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ही गोष्ट जगभर खेळली गेली. तिचे संगीत ग्रीसच्या लिनोस त्झेलोस यांचे, भारतीय वाद्यांचा रंग घेतलेले. इतक्या लांबच्या माणसाने आपल्या वाद्यांकडे कान लावला याचा मला आनंद आहे. ज्याच्या कानांवर खंजिरी लहानपणापासून पडली आहे, त्याने तिच्या आधाराने काय काय करून दाखवावे!

त्यासाठी नुसता खंजिरीचा आवाज गाण्यावर टाकून भागणार नाही. वऱ्हाडी चव तेवढ्याने येत नाही. घ्यायची ती बांधणी. खेळणारा जितकी दारे उघडेल तितकी कडवी लांबणारी चाल करा. संकट जवळ आले की ठेक्यावर पेटी आणि पेटीवर टाळ चढू द्या, संकट टळले की एकट्या ठेक्यावर उतरा. बंद पेटीत काय आहे हे खेळणाऱ्याला दाखवू नका, हलवून ऐकू द्या.

आणि हे शिकायला आश्विनातल्या संध्याकाळी प्रत्यक्ष जा. परवानगी मागून ध्वनिमुद्रण करा; गाणाऱ्या बायकांना विचारा, कडवे कुठे वाढवता, कुठे सोडता, आणि का. या गाण्यांवर कवीचे नाव नसते, पण म्हणणारीला नाव असते. गेम संपल्यावर पडद्यावर जी नामावली सरकते, तीत संगीतकाराच्या ओळीशेजारी त्या बायकांची नावे, त्यांच्या संमतीने, त्यांच्या गावासकट आली पाहिजेत; आणि गेमला पैसे मिळाले तर त्यांतला वाटाही त्यांच्यापर्यंत पोचला पाहिजे.