एका घरापासून मशिदीपर्यंत

ऑकलंडच्या दक्षिणेकडचे ओटाहुहू तुम्ही पाहिले नसेल, तर एकदा नकाशा उघडा. पूर्वेकडून तामाकीची खाडी आत येते, पश्चिमेकडे मानुकाऊचे बंदर आहे आणि या दोन पाण्यांमध्ये जेमतेम सव्वा किलोमीटर जमीन आहे. माओरी लोक आपल्या होड्या, म्हणजे ‘वाका’, या पट्टीवरून ओढत एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात नेत. तिथल्या एका रस्त्याचे नाव आजही पोर्टेज रोड आहे. १८४७ नंतर इंग्रज सरकारने इथे निवृत्त सैनिकांना घर आणि एकरभर जमीन देऊन वसवले. पुढे रेल्वेचे कारखाने आले, जवळपास मांसाचे कारखाने होते, आणि तिथल्या कामासाठी सामोआ, टोंगा या बेटांवरून माणसे आली. त्यांच्यामागून फिजीतले आणि भारतातले लोक आले.

याच ओटाहुहूत मशीदही आहे. शुक्रवारी दुपारी जुम्म्याच्या नमाजाला लोक येतात. न्यूझीलंड तारीखरेषेच्या अगदी शेजारी असल्यामुळे जगातल्या सगळ्यात आधीच्या जुम्म्यांपैकी एक इथे होतो. आपल्यापैकी बरेच जण अशा इमारतीवरून रोज गाडी नेतात, पण ती तिथे कशी आली हे आपल्याला ठाऊक नसते. ती गोष्ट आपण विचारली नाही, कारण ती ‘आपली’ नाही असे आपण धरून चालतो. थोडे थांबून ती ऐकण्यासारखी आहे.

न्यूझीलंडमध्ये १८९९ चा कायदा असा होता की बाहेरून येणाऱ्याने आपला अर्ज एखाद्या युरोपीय भाषेत स्वतः भरून दाखवायचा. १९२० मध्ये त्यावर परवान्याची अट आली. भारतीय माणूस ब्रिटिश राज्याचा प्रजाजन होता, तरी त्याला दारात अडवायची ही सोय होती. त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुजरातमधून आलेल्या मुसलमानांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली. इस्माईल अहमद भिकू आणि इसप मूसा ही त्या पिढीतली नावे. दुकान चालवायचे आणि नमाज घरी पढायचा, असे त्यांचे आयुष्य. १९५१ साली साऱ्या देशात मुसलमान दोनशेच्या आसपास होते.

त्याआधी वर्षभर, १९५० मध्ये, ऑकलंडला न्यूझीलंड मुस्लिम असोसिएशन स्थापन झाली. १९५१ मध्ये ‘गोया’ नावाच्या जहाजातून महायुद्धाने बेघर झालेले निर्वासित आले. त्यांत अल्बानिया, बोस्निया अशा बाल्कन प्रदेशांतले साठएक मुसलमान पुरुष होते. गुजराती दुकानदार आणि युरोपातला हा निर्वासित यांची भाषा, जेवण, पेहराव काहीच जुळत नव्हते. जुळत होता तो नमाज. १९५९ मध्ये असोसिएशनने एक घर विकत घेतले आणि त्याचे इस्लामिक केंद्र केले. पुढच्या वर्षी गुजरातमधून मौलाना सैद मूसा पटेल आले. ते या देशातले पहिले इमाम.

आता पुढचा भाग वाचताना तुम्हाला तुमच्या गावचे महाराष्ट्र मंडळ आठवले, तर नवल नाही. १९६२ मध्ये अंजुमन हिमायत अल-इस्लाम ही दुसरी संस्था निघाली. मूठभर माणसे आणि संस्था दोन! दोन्ही एकत्र यायला १९७६ साल उजाडले. आणि एकत्र आल्यावर तीनच वर्षांत, १९७९ मध्ये, पॉन्सन्बी भागातल्या व्हर्मांट स्ट्रीटवर मशिदीचे काम सुरू झाले. मशीद म्हणूनच बांधलेली ही न्यूझीलंडमधली पहिली इमारत. त्याच वर्षी देशभरच्या संस्थांचा महासंघ झाला. त्याचे पहिले अध्यक्ष मझहर क्रास्निकी हे ‘गोया’ जहाजातून आलेले कोसोव्होचे अल्बेनियन. गुजरात्यांनी सुरू केलेल्या कामाला पुढे नेणारा माणूस युरोपातला निर्वासित होता, हे मला या सगळ्यात मोलाचे वाटते.

१९८७ मध्ये फिजीत लष्करी बंड झाले आणि तिथले भारतीय वंशाचे लोक मोठ्या संख्येने न्यूझीलंडला निघाले. गिरमिटावर नेलेल्या मजुरांची ही नातवंडे-पतवंडे. त्यांच्यात मुसलमानही पुष्कळ होते. पुढे सोमालिया, अफगाणिस्तान, इराक इथले निर्वासित आले. दक्षिण ऑकलंडमध्ये घरे परवडत, कारखान्यात काम मिळे, म्हणून वस्ती तिकडे वाढली आणि नमाजाच्या जागाही तिकडे झाल्या. २०२३ च्या जनगणनेत देशातले मुसलमान सुमारे ७५ हजार भरले.

यात मराठी माणूस कुठे आहे, असे तुम्ही विचाराल. त्यासाठी मुंबईला जावे लागेल. क्रॉफर्ड मार्केटजवळची जुम्मा मशीद तुम्ही बाहेरून तरी पाहिली असेल. ती जिथे उभी आहे ती जागा एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची होती. तिथे तलाव होता आणि तो बुजवायचा नाही, या अटीवर त्याने जागा दिली. म्हणून मशीद तलावावरच बांधली गेली, आणि ते पाणी आजही तिच्या पोटात आहे. लोक तिथे वजू करतात. बांधकाम पुरे झाले १८०२ मध्ये. त्या वर्षासाठी जे कालवाचक शब्द योजले, ते होते ‘जहाज-ए-आखिरत’, म्हणजे परलोकीचे जहाज. पाण्यावर तरंगल्यासारखी दिसणारी इमारत आणि दर्यावर्दी माणसांची जमात, दोन्हींना शोभणारे नाव. १८३७ मध्ये मुहम्मद अली रोगे या कोकणी व्यापाऱ्याने मशिदीत बांधकामाची भर घातली. चीनच्या व्यापारात जमशेटजी जीजीभॉय यांचे भागीदार, ते हेच रोगे.

रत्नागिरी-रायगडच्या या माणसांनी जहाजांवर काम करत परदेश गाठला, आणि त्यांची वस्ती केपटाऊनपर्यंत पोहोचली. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई आपण मराठी लेखक म्हणून वाचतो, रायगडच्या अ. र. अंतुले यांना आपण मुख्यमंत्री म्हणून पाहिले. मात्र ‘परदेशातला मराठी माणूस’ या विषयावर लिहायला बसलो की आपल्या यादीत गणपती, दिवाळी अंक, नाटक आणि मराठी शाळा येतात. कोकणी मुसलमानाचे घर येत नाही. त्याच्या घरातही वाडीची आठवण आहे आणि आपल्याला सहज कळेल अशी बोली आहे. जुम्म्याच्या ओळीत तसा कोणी उभा असेल, तर त्याला आपल्या मंडळाची पत्रिका जाते का, हे एकदा आपापल्या कार्यकारिणीला विचारून पाहा.

१५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत जुम्म्याच्या वेळी एका माणसाने गोळीबार केला. ५१ माणसे गेली. त्यांत भारतातून आलेलेही होते. पुढच्या शुक्रवारी हॅग्ली पार्कमध्ये हजारो लोक जमले, अजान देशभर प्रसारित झाली आणि दोन मिनिटे देश स्तब्ध राहिला. कितीतरी जण त्या दिवसांत आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या मशिदीच्या दारापर्यंत गेले. शेजारी कोण राहतो हे कळायला एवढे मोठे संकट यावे लागू नये.

तेव्हा जमेल तेव्हा जा. आधी विचारून गेलात तर बरे. पायांतले जोडे दाराशी काढायचे, अंगभर कपडे घालायचे, बायकांनी डोके झाकायला ओढणी जवळ ठेवायची. आपल्याकडे दर्ग्यात गेलेल्याला हे सांगावे लागत नाही. बायकांची जागा वेगळी असते, ती दारातच दाखवतील. नमाज चालू असताना मागे बसून राहायचे. लोक कोणत्या दिशेला तोंड करतात तेही पाहा. मक्का इथून वायव्येला असावी असे सपाट नकाशावरून वाटते, पण गोल पृथ्वीवरची जवळची वाट इथून जवळजवळ पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे झुकलेली निघते. मुंबईहूनही ती पश्चिमेलाच, किंचित उत्तरेकडे झुकलेली. म्हणजे मुंबईच्या जुम्मा मशिदीतला माणूस आणि ओटाहुहूतला माणूस, दोघेही मावळतीकडेच तोंड करून उभे राहतात.

नमाज झाल्यावर कोणी वडीलधारे भेटले, तर त्यांना विचारा की ही जागा कशी मिळाली, पहिली वर्गणी कोणी काढली, आधी कोणाच्या घरी जमत होतात. परदेशात मंडळ उभे केलेल्या कोणत्याही मराठी माणसाला ती उत्तरे ओळखीची वाटतील.