मोटारीच्या कांचांचीं नांवें

मोटारीच्या दाराच्या कोपऱ्यांतील लहानशा तावदानास इंग्रज कारागीर ‘क्वार्टरलाइट’ म्हणतो आणि मागील कांचेस ‘बॅकलाइट’. दोहोंतही दिव्याचा पत्ता नसतो, म्हणून नवखा माणूस बुचकळ्यांत पडतो. या शब्दांचें मूळ मोटारींत नसून घरबांधणींत आहे. इंग्लंडांत खिडकीच्या प्रत्येक खणास ‘लाइट’ म्हणत, कारण तेथून उजेड आंत येई. तोच शब्द घोडागाड्या बांधणाऱ्यांनीं उचलला व पुढें मोटारींस लावला. आपणांस यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. आपलें ‘तावदान’ हें फारशी ‘ताबदान’ याचेंच रूप असून ‘ताब’ म्हणजे प्रकाश.

पुढच्या कांचेचें नांव मात्र उजेडावरून पडलेलें नाहीं. इंग्रज तीस ‘विंडस्क्रीन’ म्हणतो व अमेरिकन ‘विंडशील्ड’. एकाच्या मतें ती वाऱ्याआडचा पडदा, दुसऱ्याच्या मतें ढाल. घोडागाडी हांकणारा उघड्यावर बसे. पहिल्या मोटारींसही पुढें कांच नव्हती. चालक डोळ्यांवर चष्मा चढवून धूळ खात असे. वेग वाढला तेव्हां कांच आली, ती वाऱ्यासाठीं. ती फुटली तर काय, हा विचार नांवांत नाहीं, आणि पहिल्या कारखानदारांच्या मनांतही तो फारसा आलेला दिसत नाहीं.

वास्तविक धडा जुना होता. सॅम्युएल पीप्स याच्या १६६७ च्या रोजनिशींत लेडी पीटरबरोची हकीकत आहे. कांचेच्या गाडींत बसली असतां शेजारून जाणाऱ्या बाईस अभिवादन करावें म्हणून ती वांकली. कांच इतकी स्वच्छ कीं खिडकी उघडीच आहे असें तिला वाटलें. डोकें आरपार गेलें व सारें कपाळ कापलें. घोड्याच्या चालीनें जें कपाळावर निभावलें, तें मोटारीच्या वेगांत जिवावर बेतूं लागलें.

१९०३ सालीं एदुआर बेनेदिक्तस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून एक चंबू पडला, अशी हकीकत सांगतात. त्यास तडे गेले, पण तुकडे विखुरले नाहींत. आंत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पापुद्र्यानें ते धरून ठेविले होते. १९०९ मध्यें त्यानें पेटंट घेतलें. दोन कांचा व मध्यें सेल्युलॉइड, म्हणून नांव ‘ट्रिप्लेक्स’, म्हणजे तिपदरी. पहिल्या महायुद्धांत विषारी वायूच्या मुखवट्यांस ही कांच बसवीत. सेल्युलॉइड उन्हानें पिवळें पडे. १९३० नंतरच्या दशकांत त्याची जागा पॉलिव्हिनिल ब्युटिरलनें घेतली. हीच ‘लॅमिनेटेड’ कांच.

‘टफन्ड’ कांच निराळी. ती एकपदरी असते. तापवून वाऱ्याच्या झोतानें एकदम गार केली म्हणजे पृष्ठभाग आधीं घट्ट होतो, आणि आंतला भाग मागून आकसतांना त्यास आवळून धरतो. ती फुटली कीं बोथट कडांचे खडे होतात. पण फुटतांना सारी कांच तड्यांनीं भरून जाते व चालकास पुढचें दिसत नाहीं. म्हणून ती दारांस योग्य, समोर नव्हे. दुकानदार दोहोंसही ‘सेफ्टी ग्लास’च म्हणतो. घेणाऱ्यानें त्या शब्दावर न जातां कांचेच्या कोपऱ्यांतील छाप वाचावा. भारताच्या १९८९ च्या मोटार-नियमांनीं समोरची कांच लॅमिनेटेडच असावी असें ठरविलें. शिवाय पुढच्या व मागच्या कांचेंतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या कांचांतून ५० टक्के उजेड आंत आला पाहिजे, अशी अटही घातली.