सातवीपासून बारावीपर्यंत: अमेरिकेची 'गिअर अप' योजना

अमेरिकेत शालेय शिक्षण हा प्रामुख्याने राज्यांचा विषय. तरीही गरीब वस्त्यांतील मुलांच्या पूरक शिक्षणासाठी संघराज्य सरकार निधी देते. सहावी ते आठवीच्या 'मिडल स्कूल'पासून मुलांना हात देणारी त्यातील ठळक योजना म्हणजे 'गिअर अप'. बिल क्लिंटन यांच्या कारकिर्दीत, १९९८ साली उच्च शिक्षण कायद्यात झालेल्या दुरुस्तीने ती अस्तित्वात आली.

अनुदान राज्याला, अथवा महाविद्यालये व गरीब शालेय जिल्हे यांच्या भागीदारीला मिळते. त्यासाठी सहा-सात वर्षांचा आराखडा द्यावा लागतो. भागीदारीत केवळ हुशार मुले वेचण्यास वाव नाही; जेथे निम्मे विद्यार्थी मोफत वा सवलतीच्या भोजनास पात्र, तेथील सबंध इयत्ता घेतली जाते. प्रारंभ सातवीपर्यंत व्हायलाच हवा आणि सोबत बारावीपर्यंत. हा आग्रह रास्तच आहे. आठवी-नववीत बीजगणित हुकले, की पुढच्या गणिताची साखळी तुटते आणि महाविद्यालयाची वाट अरुंद होते. म्हणूनच शिकवणी, समुपदेशन, महाविद्यालयांना भेटी आणि पालकांना अर्थसाहाय्याची माहिती यांची आखणी आधीपासून करावी लागते.

खरी मेख पैशांत आहे. साधारणतः निम्मा खर्च संघराज्याच्या निधीबाहेरून उभारावा लागतो. जागा, सेवा यांचे मोल त्यात धरता येते, पण गरीब जिल्ह्यांना तेवढेही जड जाते. शिवाय आराखडा सहा वर्षांचा, तर निधीची मंजुरी काँग्रेसकडून दरवर्षी! ट्रम्प प्रशासनाने २०२५ साली मांडलेल्या २०२६च्या अर्थसंकल्पी प्रस्तावात तर या योजनेचा निधी पूर्णपणे बंद करण्याची सूचना होती.