जुन्या प्रोग्रॅमला नव्या यंत्रात जागा

सांगलीत किंवा साताऱ्यात डीटीपीच्या दुकानात नवा संगणक आला, की पहिला प्रश्न मेमरी किती याचा नसतो. ‘यावर पेजमेकर चालेल का, जुने फॉन्ट बसतील का,’ हे आधी विचारलं जातं. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, यात्रेची हँडबिलं, गावोगावच्या स्मरणिका असा कित्येक वर्षांचा मजकूर या दोन गोष्टींच्या भरवशावर साठलेला असतो. पानं मांडण्याच्या या पेजमेकर प्रोग्रॅमची शेवटची आवृत्ती 2001 मध्ये आली. त्यानंतर विंडोजच्या पिढ्या बदलल्या, पण गिऱ्हाईक अजून येऊन सांगतं, ‘मागच्या वर्षीचंच मॅटर घ्या, फक्त तारीख बदला.’

एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रावर चालवून घेण्याची विद्या पीसीपेक्षाही जुनी आहे, आणि तिचा उगम अशाच गिऱ्हाइकाच्या गरजेत आहे. आयबीएमने 1959 मध्ये 1401 हा संगणक आणला. पगारपत्रकं, बिलं, मालाच्या नोंदी यांसाठी तो हजारोंच्या संख्येने गेला. डिसेंबर 1963 मध्ये हनीवेलने आपलं 200 हे यंत्र जाहीर केलं आणि 1401 चे प्रोग्रॅम त्यावर आणण्यासाठी ‘लिबरेटर’ नावाचं साधन सोबत दिलं. आयबीएमचं गिऱ्हाईक हातचं जाऊ लागलं. 7 एप्रिल 1964 रोजी आयबीएमने सिस्टिम 360 ही नवी मालिका जाहीर केली. तिची रचना 1401 शी जुळत नव्हती. म्हणून तिच्या लहान यंत्रांत मायक्रोकोडच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या, पातळीवर अशी सोय केली, की गरज पडेल तेव्हा नवं यंत्र जुन्याचं सोंग घेईल. यालाच एम्युलेशन म्हणतात. लोकांनी वर्षानुवर्षं लिहून घेतलेले प्रोग्रॅम यंत्राहून महाग ठरले होते, हे त्यामागचं कारण.

दुसरी वाट भाषांतराची. यंत्राला सोंग घ्यायला न लावता प्रोग्रॅमच नव्या यंत्राच्या बोलीत उतरवायचा. महाराष्ट्रातल्या सॉफ्टवेअर निर्यातीची सुरुवातच या कामाशी जोडलेली आहे. 1974 मध्ये मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसकडे अमेरिकेच्या बरोज कंपनीचं काम आलं. रुग्णालयाच्या हिशेबाचे कोबोल प्रोग्रॅम बरोजच्या एका यंत्रमालिकेवरून दुसरीवर न्यायचे होते. मुंबईत हाताशी होता तो आयसीएल 1903, म्हणजे वेगळ्याच कंपनीचा संगणक. तिथल्या मंडळींनी त्यावरच रूपांतराचं साधन लिहिलं आणि काम पुरं केलं.

तिसरी शाखा आपल्या लिपीसाठी फुटली. कानपूरच्या आयआयटीत देवनागरी संगणकावर झालेलं काम पुढे मोहन तांबे यांच्यासोबत पुण्याच्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेत आलं. सी-डॅकची स्थापना 1988 ची. तिथल्या जिस्ट कार्डाची करामत अशी, की ते पीसीच्या आयएसए स्लॉटमध्ये बसवलं की डीबेस, लोटस, वर्डस्टार असे इंग्रजीसाठी लिहिलेले डॉस या विंडोजआधीच्या प्रणालीचे प्रोग्रॅम मराठीत चालत. मूळ प्रोग्रॅमला हात लावावा लागत नसे. तो अक्षरांचे क्रमांक पाठवी, कार्ड त्यांची देवनागरी करून पडद्यावर उमटवी.

कारखाने, दूध संघ, पतसंस्था यांच्या दप्तरात डॉस शिरलं ते याच काळात. कुणी स्थानिक प्रोग्रॅमरने फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये सभासदांची खाती, ठेवी, व्याज बसवून द्यायचं आणि पुढे तो दुसऱ्या गावी निघून जायचा. मूळ कोड कुणाकडे राहायचा नाही. राहायची ती चालणारी फाईल. विंडोज आल्यावरही ती चालत राहिली, कारण इंटेलच्या 80386 प्रोसेसरमध्ये 1985 पासूनच जुन्या 8086 चं सोंग घेण्याची रीत होती आणि विंडोजने तिचा उपयोग करून घेतला. प्रोसेसर 64 बिटच्या पद्धतीत चालू लागला की ती रीत बंद होते. म्हणून 64 बिट विंडोज डॉसचे 16 बिटचे प्रोग्रॅम घेत नाही. 2021 चं विंडोज 11 तर पीसीसाठी 64 बिटमध्येच मिळतं. मधल्या काळात मदरबोर्डवरचे आयएसए स्लॉटही गेले आणि जिस्ट कार्डाची जागाच उरली नाही.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो. नवी प्रणाली घ्यायला संस्थेकडे पैसा नसतो, मग यंत्रालाच सोंग आणायला लावतात. 2002 मध्ये आलेला डॉसबॉक्स हा डॉसच्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्रॅम जुन्या गेमसाठी लिहिला गेला होता. हिशेबवाल्यांनीही तो धरला, पण त्यात छपाईची सोय नव्हती. ती डॉसबॉक्स-एक्ससारख्या पुढच्या शाखांनी दिली. दुसरा उपाय व्हर्च्युअल मशीनचा. व्हीएमवेअरने 1999 मध्ये तो पीसीवर आणला. नव्या विंडोजच्या एका खिडकीत अख्खं जुनं विंडोज चालवायचं आणि त्यात पेजमेकर. डीटीपीवाल्यांना हाच मार्ग सोयीचा पडतो.

लिनक्सवाल्यांची वाट आणखी वेगळी. वाईन हा प्रकल्प 1993 मध्ये सुरू झाला आणि 1994 पासून अलेक्झांद्र ज्युलियार तो सांभाळत आहेत. त्यात प्रोसेसरची नक्कल नसते. प्रोग्रॅम विंडोजकडे जे मागतो, म्हणजे फाईल उघड, खिडकी काढ, अक्षर दाखव, त्या प्रत्येक मागणीला वाईन लिनक्सकरवी उत्तर देतं. विंडोजच्या मागण्या हजारो, त्यामुळे 1.0 आवृत्ती निघायला 2008 उजाडलं. 2020 नंतरच्या मॅकवर तर दोन घराणी एकत्र येतात: प्रोसेसरची भाषा ॲपलचं रोझेटा बदलतं आणि विंडोजची उत्तरं वाईन देतं.

या साऱ्या युक्त्या प्रोग्रॅम वाचवतात. मजकूर आपोआप वाचत नाही. जुन्या फॉन्टमधला ‘क’ संगणकाच्या लेखी एखादं इंग्रजी अक्षर असतो. फॉन्ट हरवला की गावाची स्मरणिका निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग होते, मग व्हर्च्युअल मशीन कितीही शाबूत असो. तिथे भाषांतराचीच वाट धरावी लागते. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणायचा, जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घालायचे, आणि मगच जुना संगणक भंगारात द्यायचा.

हे काम आपल्याच जिल्ह्यांत होऊ शकतं. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचं मुख्यालय आणि महाविद्यालयं आहेत. एकेका विद्यार्थ्याने एकेका पतसंस्थेचा फॉक्सप्रो किंवा एकेका छापखान्याच्या पेजमेकर फायली हाती घेतल्या, तर त्याला प्रोसेसर, फाईलपद्धती आणि लिपी हे तिन्ही विषय खऱ्या कामातून शिकता येतील. संस्थेचं दप्तर शाबूत राहील. साठ वर्षांपूर्वी आयबीएमने हे केलं ते गिऱ्हाईक टिकवण्यासाठी. आपल्याला ते आपल्या गावांच्या नोंदी टिकवण्यासाठी करायला हवं, आणि जुनी यंत्रं सुरू आहेत तोवरच ते सोपं आहे.